एक लेखक, चार कपाटं

ठाकुरद्वारची एक चाळ पुनर्विकासाला गेली आणि तिथल्या एका खोलीतली पुस्तकं आमच्या ग्रंथालयात आली. गिरगावात हे आता नेहमीचंच. खोल्या रिकाम्या करायची तारीख ठरली की लोक आम्हाला फोन करतात, कारण भाड्याच्या तात्पुरत्या जागेत पुस्तकांची सोय नसते. बहुतेक वेळा खोक्यांतून जुने दिवाळी अंक आणि पोथ्या निघतात. या वेळी एकाच लेखकाची पुस्तकं निघत राहिली. रोमाँ रोलाँ. मूळ फ्रेंच, पण इथे सगळी इंग्रजी अनुवादातली. बेथोव्हन, हँडल, मायकेलअँजेलो, टॉल्स्टॉय, गांधी, रामकृष्ण, विवेकानंद यांची चरित्रं. एका संगीतकाराच्या आयुष्यावरची 'जाँ-क्रिस्तोफ' ही दहा भागांची कादंबरी. आणि 1616 सालातल्या एका लाकूड कोरणाऱ्या कारागिराची 'कोला ब्रन्यों'.

ही जमवणारे गृहस्थ रेल्वेत कारकून होते. ते आता नाहीत. पुस्तकं कुठे ठेवतात ते बघायला त्यांच्या पत्नी स्वतः आल्या होत्या. मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि आम्ही कामाला लागलो.

काम म्हणजे दाखल नोंद, शिक्का, वर्गांक. माझी सहकारी ड्युई पद्धतीने, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरलेल्या आकड्याप्रमाणे, भराभर गठ्ठे करत होती. बेथोव्हन आणि हँडल 780, म्हणजे संगीत. कादंबऱ्या 843, फ्रेंच कथासाहित्य. रामकृष्ण आणि विवेकानंद 294.5, हिंदू धर्म. गांधी आमच्याकडे चरित्रात, 920. चार गठ्ठे, चार कपाटं, त्यातलं एक वरच्या मजल्यावर.

"अगं, हे असं वेगवेगळं का करतेस?" आजींनी विचारलं.

सहकारीने नीट समजावलं, की वाचक विषय शोधत येतो, म्हणून विषयवार लावायचं. आजींना ते पटलं नाही. "आमच्या ह्यांनी तर मला सगळी एकापाठोपाठ सांगितली," त्या म्हणाल्या. "माणसं सगळी एकाच घरातली आहेत."

आजी चौथी शिकलेल्या. रात्री जेवणं झाली की यजमान गॅलरीत बसून इंग्रजी पानं वाचायचे आणि लगेच मराठीत सांगायचे. अशी वर्षानुवर्षं. लेखकाचं नाव त्यांच्या तोंडी बसलेलं नव्हतं, पण गोष्टी सगळ्या पाठ. बेथोव्हन म्हणजे "कान गेले तरी गाणं लिहिणारा तो". हँडल म्हणजे "डोळे गेलेला". जाँ-क्रिस्तोफची सुरुवात घरामागच्या नदीच्या आवाजाने होते हे त्यांनी मला सांगितलं. मी ते वाचलेलं होतं, तरी त्यांच्याकडून ऐकताना अंगावर काटा आला.

आणि कोला. त्याच्याबद्दल त्या सगळ्यात जास्त बोलल्या. गावात प्लेगची साथ येते, हा मरता मरता वाचतो. बायको जाते. लोक भीतीपोटी त्याचं घर जाळतात. आयुष्यभर कोरलेल्या मूर्ती गढीतला मालक विद्रूप करतो. शेवटी मुलीच्या घरी आश्रयाला राहतो, आणि तरी गडी खदखदून हसतो, खातो, पितो, नातवंडांत रमतो. "ह्यांना तो फार आवडायचा," आजी म्हणाल्या. "आता मीपण मुलीकडेच चाललेय, कांदिवलीला." एवढंच बोलून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

रोलाँची पुस्तकं मी विषयवारच ओळखत होते. तो पॅरिसच्या सोरबॉन विद्यापीठात संगीताचा इतिहास शिकवायचा, 1915 चं नोबेल त्याला मिळालं, हे माहीत होतं. क्लामसी हे कोलाचं गाव म्हणजे रोलाँचं जन्मगाव, हेही. जाँ-क्रिस्तोफच्या दहा वर्षांच्या ओझ्यानंतर मोकळं व्हायला त्याने कोला लिहिला. पण जिंकणाऱ्याला नव्हे तर मनाने मोठ्या असलेल्याला मी वीर म्हणतो, असं बेथोव्हनच्या चरित्राच्या प्रस्तावनेत लिहिणारा माणूसच पुढे गांधींवर लिहितो, ही साखळी त्या दुपारी पहिल्यांदा सरळ दिसली.

मग मीही आजींना एक गोष्ट सांगितली. मॅडलिन स्लेड ही इंग्रज मुलगी बेथोव्हनच्या ओढीने रोलाँकडे गेली. त्याने तिला गांधींबद्दल सांगितलं. 1925 मध्ये ती मुंबईला उतरली आणि साबरमतीला जाऊन मीराबेन झाली. गांधींचं चरित्र रोलाँने त्यांना न भेटता लिहिलं, 1924 मध्ये. भेट झाली 1931 च्या डिसेंबरात, गोलमेज परिषदेनंतर, स्वित्झर्लंडमध्ये. गांधींनी बेथोव्हन ऐकायची इच्छा सांगितली आणि रोलाँने पाचव्या सिंफनीतला संथ भाग पियानोवर वाजवला. 28 डिसेंबरला गांधी मुंबईत परतले आणि 4 जानेवारीच्या पहाटे गावदेवीच्या मणिभवनातून त्यांना अटक झाली.

"मणिभवन? म्हणजे हे इथलं?" आजी उठून उभ्याच राहिल्या. "हे ह्यांना माहीत असणार. मला कसं नाही सांगितलं?"

वर्गीकरणावर माझा पूर्ण विश्वास आहे. ते नसेल तर ग्रंथालय म्हणजे नुसतं गोदाम. म्हणून वर्गांक आम्ही बदलले नाहीत. पण मी सगळ्या पुस्तकांवर 'विशेष संच' असा शिक्का मारला आणि दारासमोरच्या काचेच्या कपाटात ती एकत्र लावली. यादीत मात्र ती आपापल्या विषयाखालीही दिसतील. सहकारीची कुरकुर होती, की उद्या प्रत्येक देणगीदार असंच मागेल. तिचं चुकत नव्हतं. तरीही चार ठिकाणी विखुरलेला रोलाँ कुणाला पुरता भेटला नसता, असं मला वाटतं. आमच्याकडे व्हायोलिन शिकणारी एक मुलगी येते. ती बेथोव्हन न्यायला आली आणि शेजारचा गांधी हातात घेऊन उभ्यानेच वाचत राहिली.

निघताना मी आजींना विचारलं, एखाद्या रविवारी येऊन यातली एक गोष्ट वाचकांना सांगाल का, तुमचे यजमान सांगायचे तशी? त्यांनी आधी मुलीला फोन लावला, कांदिवलीहून चर्नी रोडला यायला किती वेळ लागतो ते विचारलं. मग हो म्हणाल्या. सुरुवात कोलापासून करायची, हे त्यांनीच ठरवलं.