बेडफर्डशायर आणि तिच्यावरचे ध्वज

दुसऱ्या महायुद्धातील सागरी लढायांविषयी वाचताना माझे मन मोठ्या युद्धनौकांपेक्षा ‘बेडफर्डशायर’ या ट्रॉलरपाशी अधिक रेंगाळते. मासेमारीसाठी १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये बांधलेले, कोळशावर चालणारे हे जहाज १९३९ मध्ये ब्रिटिश नौदलाने ताब्यात घेतले आणि चार इंची तोफ व डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) देऊन त्याला पाणबुड्यांच्या शोधात धाडले. खवळलेल्या समुद्रात जड जाळी ओढण्यासाठीच बांधणी झालेली असल्याने ट्रॉलर या कामी दणकट ठरत. पण पाण्यावरून सतरा नॉट (ताशी सतरा सागरी मैल) वेगाने पळणाऱ्या जर्मन पाणबुडीला गाठणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. तरीही त्यांना पाठवले गेले, कारण दुसरे काही हाताशी नव्हते.

१९४२ च्या आरंभी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजे बुडवू लागल्या, तेव्हा ब्रिटनने असे चोवीस ट्रॉलर अमेरिकेला दिले. नॉर्थ कॅरोलायनाजवळची गस्त ‘बेडफर्डशायर’कडे आली.

एप्रिलमध्ये तिथे बुडालेल्या ‘सॅन डेल्फिनो’ या ब्रिटिश तेलवाहू जहाजावरील खलाशांच्या दफनासाठी ब्रिटिश ध्वज हवे होते. अमेरिकन नौदलासाठी काम करणारे एकॉक ब्राउन ते मागायला ‘बेडफर्डशायर’वर गेले, तेव्हा सबलेफ्टनंट थॉमस कनिंगहॅम यांनी त्यांना ध्वज दिले. या भेटीला जेमतेम महिना लोटला असेल. ११ मेच्या रात्री ‘यू-५५८’ या पाणबुडीने ‘बेडफर्डशायर’वर पाणतीर सोडले. आधीचे चुकले, पण नंतरचा वर्मी लागला आणि जहाजावरील ३७ जणांपैकी एकही वाचला नाही. मदतीचा संदेश पाठवायलाही कोणाला सवड मिळाली नाही, त्यामुळे जहाज गेल्याचे किनाऱ्यावर कोणाच्या ध्यानीही आले नव्हते.

१४ मे रोजी ओक्राकोक बेटाच्या किनाऱ्यावर दोन मृतदेह लागले. त्यांतील एक कनिंगहॅम यांचा असल्याचे ब्राउन यांनी ओळखले. दुसरा तारायंत्रचालक स्टॅन्ली क्रेग यांचा होता. कनिंगहॅम यांनी दिलेल्या ध्वजांपैकी उरलेला एक त्यांच्याच शवपेटीवर पांघरावा लागला, हे वाचताना मी दर वेळी थांबतो. पुढे आणखी दोन मृतदेह सापडले, मात्र त्यांची ओळख पटली नाही. बेटावरच्या एका लहानशा जागेत हे चौघे शेजारी शेजारी पुरलेले आहेत आणि दर वर्षी मे महिन्यात तिथे त्यांना मानवंदना दिली जाते.