पोटरीतल्या झडपा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून झाशी शंभरेक किलोमीटर. संत ज्यूडचा सण 28 ऑक्टोबरला, त्या आधी तिथल्या देवळात पोचायचं या हिशेबाने आमची मंडळी पायी निघाली. टाळही बरोबर आणि जपमाळही. वाटेत एका ढाबेवाल्याने विचारलंच, "पंढरपूरवाले हो क्या?" बाई म्हणाल्या, "चाल तीच भैया, गाव दुसरं."

बाई म्हणजे आमच्या शाळेच्या जुन्या शिक्षिका. चालताना कायम सगळ्यांच्या मागे.

डबऱ्यापर्यंत उत्साहावर निभतं. खरी वारी पुढे. सिंध नदीचा पूल ओलांडून जरा पुढे गेलो आणि माझा भाचा रस्त्याकडेला बसलाच. नोकरी सुटल्यापासून तो तसाही कमीच बोलतो. टाचेला टपोरा फोड आला होता आणि हातात सेफ्टीपिन. मी त्याचा हात धरला. घासून वरची कातडी सुटली की शरीर मधल्या जागेत पाणी भरतं, खालच्या कोवळ्या कातडीला तेवढाच आसरा. फोडून कशाला टाकायचा? भोवती कापूस ठेवून पट्टी बांधली.

तेवढ्यात एक काका सुरू झाले: हिंमत ठेव, विश्वास कमी पडतोय, देव परीक्षा बघतोय. असला धीर मला कधीच पचत नाही. पोरगा आणखीच मिटला. बाई त्याच्या शेजारी टेकल्या, पाणी दिलं आणि एवढंच म्हणाल्या, "लष्करातून इथवर तू तुझ्या पायांनी आलास. ते आता कोणी काढून घेत नाही." थोड्या वेळाने तो आपणहून उठला.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी केलेली, त्यामुळे डोकं तिकडेच गेलं. हृदय रक्त पायांपर्यंत ढकलतं, पण परतीची वाट चढाची. पाऊल पडलं की पोटरीचा स्नायू आवळतो, आतल्या शिरा दाबल्या जातात, रक्त वर सरकतं. स्नायू सैल पडला की ते खाली यायला बघतं आणि शिरेतली झडप कवाडासारखी मिटते. झडपेला स्वतःचा जोर काही नसतो. एक थेंबही ती वर ढकलत नाही, चढलेलं तेवढं घसरू देत नाही.

या झडपांचं काम विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने 1628 मध्ये मांडलं. बायबलमधला प्रेषित पौल त्याच्या दीड हजार वर्षं आधीचा, त्याला हे कुठून ठाऊक असणार? पण करिंथच्या मंडळीला त्याने लिहिलंय की जे अवयव दुबळे वाटतात तेच जास्त गरजेचे. आमच्या मंडळीत ढकलणारे पुष्कळ. पुढे बॅनर धरायला तर भांडणं होतात. मागे राहायला कोण तयार असतं?

झाशीला पोचलो, मिस्सा झाली, गर्दीत धक्के खाल्ले. ते दर वर्षी कोणी ना कोणी सांगतंच. मला वाटेतला दतियाचा मुक्काम सांगायचाय. बाईंनी लांब मोजे उतरवले आणि पोटऱ्यांवर निळ्या शिरा दोरखंडासारख्या वर आलेल्या दिसल्या. जन्मभर फळ्यापुढे उभं राहून त्यांच्याच झडपा निकामी झालेल्या. भाच्याने काही न विचारता आपली सॅक त्यांच्या पायांखाली सरकवली.

"अजून उंच कर रे," बाई म्हणाल्या, "आणि त्या काकांचीही आण. रिकामीच आहे, सामान सगळं टेम्पोत टाकलंय त्यांनी."