भडंगाला किती तारे?

खाण्याच्या पाकिटावर पौष्टिकतेची जी श्रेणी असते तिच्यावर किती विसंबायचं हे ठरवायचं असेल, तर आधी ती श्रेणी निघते कशी ते कागदावर मांडून बघावं. फ्रान्सने २०१७ मध्ये ‘न्यूट्री-स्कोर’ आणली, ए ते ई अशी अक्षरं असलेली. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये २०१४ पासून अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंतची पद्धत आहे. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, सप्टेंबर २०२२ मध्ये ताऱ्यांचाच मसुदा काढला; त्यावर वाद झडले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिन्हींचा गाभा सारखाच आहे. शंभर ग्रॅम पदार्थ घ्यायचा, ऊर्जा, साखर, संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) आणि मीठ यांचे दंडाचे गुण मोजायचे, आणि फळं-भाज्या, तंतू (फायबर), प्रथिनं यांचे गुण त्यातून वजा करायचे.

न्यूट्री-स्कोरच्या २०२३ च्या सुधारित कोष्टकाप्रमाणे एक बिस्कीट तपासू. समजा शंभर ग्रॅममध्ये ४५० किलोकॅलरी, साखर २५ ग्रॅम, संपृक्त चरबी साडेपाच ग्रॅम, सोडियम २८० मिलिग्रॅम, प्रथिनं ७ आणि तंतू २ ग्रॅम आहेत. ऊर्जेचे ५, साखरेचे ७, चरबीचे ५ आणि मिठाचे ३, मिळून दंड २०. दंड ११ किंवा जास्त झाला की प्रथिनांची सूट मिळत नाही. तंतूंची सूट ३ ग्रॅमच्या पुढे सुरू होते, म्हणजे तीही शून्य. १९ पासून पुढे ‘ई’, त्यामुळे आपलं बिस्कीट सर्वांत खालच्या श्रेणीत बसतं.

आता त्याच कणकेत थोडा कोंडा किंवा पावडरच्या रूपातले तंतू घालून तंतू ४.२ ग्रॅमवर नेले, तर दोन गुण वजा होतात. २० चे १८ झाले आणि श्रेणी ‘डी’. साखर, पामतेल, मीठ जिथल्या तिथे. कारखान्यातल्या माणसाला हे कोष्टक तोंडपाठ असतं, आपल्याला नसतं, खरी गोम तिथे आहे.

शेजारी तासगावचे बेदाणे ठेवू. शंभर ग्रॅमला सुमारे ३०० किलोकॅलरी आणि साठेक ग्रॅम साखर, सगळी द्राक्षातलीच. ऊर्जेचे ३, साखरेचे पूर्ण १५, मीठ-चरबी जवळजवळ नाही. दंड १८. फळाचे ५ वजा, तंतू चारेक ग्रॅम धरले तर १ वजा, उरले १२. म्हणजे ‘डी’. कोंडा घातलेलं बिस्कीट आणि बेदाणे एका अक्षरात! कोष्टकाने हिशोब चुकवलेला नाही. फळ सुकवलं की पाणी जातं आणि शंभर ग्रॅममध्ये साखर दाटते, एवढंच. पण बेदाणे मूठभर, म्हणजे २०-२५ ग्रॅम खाल्ले जातात, आणि बिस्किटाचा पुडा एका बैठकीत संपतो.

लोणच्याचंही तसंच. शंभर ग्रॅमच्या हिशोबात मीठ भयंकर दिसतं, पानात मात्र १०-१५ ग्रॅमच वाढलेलं असतं. भडंगाचं उलट आहे. हलका पदार्थ, ५० ग्रॅमची ताटली कधी संपते कळतही नाही, आणि पाकिटावर ‘एक सर्व्हिंग’ म्हणून बऱ्याचदा २० किंवा ३० ग्रॅम छापलेलं असतं. सोडियमच्या आकड्याला २.५ ने गुणा, मीठ निघतं. शंभर ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम असेल तर ते २ ग्रॅम मीठ, ताटलीत एक ग्रॅम. लेबलवरचे टक्के दिवसाला २००० किलोकॅलरी आणि २००० मिलिग्रॅम सोडियम धरून काढतात. तो मोठ्या माणसाचा हिशोब झाला. पहिलीतल्या पोरासाठी ते टक्के वापरू नयेत.

श्रेणी खरी कुठे कामी येते, तर एकाच जातीच्या दोन पाकिटांत. शंभर ग्रॅम भडंगात २० ग्रॅम तेल असेल तर पामोलीनमधून ८-९ ग्रॅम संपृक्त चरबी येते, शेंगतेलातून साडेतीन-चार. दंडात पाचेक गुणांचा फरक पडतो आणि तो अक्षरातही दिसू शकतो. भडंगाची तुलना भडंगाशीच करावी, दुधाशी किंवा बेदाण्यांशी नव्हे.

काही गोष्टी मात्र कोष्टकात येतच नाहीत. माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पावडर, साखरेच्या रकान्यात धरत नाहीत, रक्तातली साखर मात्र ते झपाट्याने वाढवतं. ‘साखर नाही, फक्त गूळ’ असं पुढे लिहिलेलं असलं तरी मागे ‘एकूण साखर’ बघा, गूळ तिथे लपत नाही. पदार्थावर किती प्रक्रिया झाली हेही या गुणांत नसतं. त्यासाठी ब्राझीलची ‘नोव्हा’ वर्गवारी वेगळी आहे, आणि ती पुन्हा मीठ-साखरेचे आकडे बघत नाही.

बारकोडवरून गुण देणारी मोबाईल अॅप सर्वांत बेभरवशाची, असं माझं मत. बऱ्याच अॅपमधली माहिती वापरणाऱ्यांनीच भरलेली असते, कंपनीने घटक बदलले तरी जुनेच आकडे राहतात, आणि एकाच नावाचं बिस्कीट युरोपात वेगळ्या तेलात केलेलं असू शकतं. साखर, संपृक्त चरबी, सोडियम हे तीन आकडे पाकिटाशी जुळले नाहीत तर तो गुण सोडून द्या.

मागची बाजू वाचताना घटकांच्या यादीपासून सुरुवात करावी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या तिघांत साखर किंवा पामतेल असेल तर पुढचे तारे बघायचीही गरज नाही. साखर, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप अशी फोड केली की एकेक नाव खाली सरकतं, म्हणून ती मनात एकत्र करावीत. १०० चौरस सेंटीमीटरपर्यंतच्या लहान पुड्यांना पोषणतक्त्यातून सूट आहे, तो मोठ्या खोक्यावर किंवा माळेच्या पाकिटावर असतो. दुकानदाराकडे ते मागून बघता येतं.

सुट्या भडंगाला आणि कंदी पेढ्यांना तक्ता नसतोच. भडंग घेताना तेल कोणतं ते विचारावं, आणि मूठभर भडंग वर्तमानपत्रावर नको, कोऱ्या कागदावर पाच मिनिटं ठेवावं. तेलाचा डाग किती पसरतो ते बघून दोन दुकानांतलं ठरवता येतं.