टीटीची पावली

२५ पैशांची पावली ३० जून २०११पासून चलनातून बाद झाली, तरी जुन्या डब्याच्या तळाशी एखादी निघतेच. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या जुन्या कोडच्या कमेंटमध्ये ‘टीटी’ हा टॅग तसाच निघतो. वेबपानं लिहिण्याच्या एचटीएमएल भाषेतला हा टॅग तिच्या पाचव्या आवृत्तीनं बाद केला. टीटी म्हणजे टेलिटाइप. ते यंत्र जन्मात न पाहिलेल्यांनीही मेथडची नावं समान रुंदीच्या अक्षरांत दिसावीत म्हणून तो वर्षानुवर्षं लिहिला.

ब्राउझर दिलदार. टीटी, सेंटर, फॉन्ट, जे येईल ते मुकाट दाखवतो. अडवतो तो डॉकलिंट, म्हणजे कमेंटमधून माहितीची पानं बनवणाऱ्या जावाडॉक या साधनातला तपासनीस. २०१४मध्ये जावा ८बरोबर तो आला आणि शेवटी तिरकी रेघ असलेल्या, ओळ मोडणाऱ्या ‘बीआर’ टॅगलाही त्यानं सरळ एरर ठरवलं. बिल्ड अडायला लागली, तेव्हा पुष्कळांनी ‘डॉकलिंट नन’ लिहून त्याचं तोंडच बंद केलं. हे आगीतून फुफाट्यात. वगळायचाच तर तपासण्यांमधला नुसता एचटीएमएल गट वगळावा. तुटक्या लिंक आणि राहून गेलेले पॅराम (मेथडला काय पुरवायचं त्याची वर्णनं) तरी पकडले जातात.

खरी गंमत टेबलच्या टॅगमध्ये सारांश लिहायच्या ‘समरी’ची. एचटीएमएल ४च्या दिवसांत टेबलला समरी किंवा कॅप्शन नसेल तर डॉकलिंट कुरकुरायचा. लोकांनी निमूट समरी भरल्या. जावा १०पासून जावाडॉक आपणहून एचटीएमएल ५ लिहू लागलं आणि तोच डॉकलिंट म्हणाला, समरी चालणार नाही! कालचं सोवळं आज ओवळं. मजकूर उचलून कॅप्शनमध्ये ठेवावा हे खरं, पण समरी पानावर दिसत नसे, कॅप्शन दिसतं. कंटाळून भरलेलं नुसतं ‘टेबल’ मग टेबलाच्या डोक्यावर झळकतं. तेव्हा आधी वाचा, मग हलवा.

टीटीच्या जागी महिरपी कंसातला ‘ॲट-कोड’ सरसकट फाइंड-रिप्लेसनं टाकायचा मोह होतो. तिथंच फसगत. त्याच्या पोटातलं काहीच उलगडत नाही: आत ‘ॲट-लिंक’ असेल तर लिंक न होता ती तशीच छापली जाते, आणि लेस-दॅन चिन्हासाठी लिहिलेलं ‘अँड-एलटी’ही अक्षरशः उमटतं. अशा ठिकाणी साधा ‘कोड’ टॅग बरा.

लिंक जिथं पोचते त्या अँकरचं ‘नेम’ काढून ‘आयडी’ द्यावा, मात्र एका पानात एक आयडी एकदाच. मजकूर मधोमध आणणाऱ्या सेंटरचं काम एका ओळीच्या स्टाइलवर भागतं. फॉन्टच्या लाल रंगात बहुधा ‘सावधान’ एवढाच शब्द असतो. त्याला ‘स्ट्राँग’ पुरे.