टाळकेश्वरचा दिवा

सातारा जिल्ह्याला समुद्र नाही, म्हणून दीपगृहही नाही, असं भूगोलाचं पुस्तक म्हणतं. मला ते अर्धंच पटतं. आम्ही कराडकर कुंभार्ली घाट उतरून गुहागरला जातो ते खरं म्हणजे मासे खायला. घरी मात्र अंजनवेलच्या टाळकेश्वराचं दर्शन, असं सांगायचं. त्या देवळाजवळच दीपगृह आहे. अलिबागजवळच्या खंडेरी बेटावर 1867 पासून दिवा आहे आणि त्या किल्ल्याचं बांधकाम शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये सुरू केलेलं, त्यामुळे मान त्याचा मोठा. पण जीव जडला तो टाळकेश्वरवर.

दीपगृहाची गंमत दिव्यात नसते, भिंगात असते. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने काचेची कंगोरेदार वर्तुळं एकात एक बसवली आणि चहूकडे वाया जाणारा उजेड एका झोतात बांधला. 1823 साली फ्रान्समधल्या कॉर्दुआं दीपगृहावर ते भिंग लागलं. भिंग फिरवायला घड्याळासारखं यंत्र असायचं, त्याला वजन टांगलेलं. ते वजन खाली आलं की राखणदाराने उठून पुन्हा चावी द्यायची. रात्रभर हेच. किती सेकंदांनी किती वेळा लुकलुकायचं हे प्रत्येक दिव्याचं ठरलेलं, त्यावरून खलाशी ओळखतो आपण कुठे आलो ते. जीपीएसच्या काळातही मला हा कमी बोलण्याचा प्रकार फार आवडतो.

आता हक्काचं. टाळकेश्वरच्या पायथ्याशी वाशिष्ठी समुद्राला मिळते. तिच्यात आमची कोयना आहे. एरवी कोयना कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला भेटून बंगालच्या उपसागराची वाट धरते. पण 1962 पासून धरणातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरतं, वीज करून वाशिष्ठीत जातं. पाणीवाटप लवादाने त्यासाठी वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट पाणी धरलं होतं. म्हणजे हा दिवा बोटींना खाडीचं जे तोंड दाखवतो, तिथं साताऱ्याचंच पाणी बाहेर पडत असतं.

हे सगळं मी आमच्याच जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मित्राला कठड्याशी उभं करून रंगवून सांगितलं. तो खाडीकडे बघत राहिला.

“एवढं गोडं पाणी खारं करायला सोडलं व्हय?”

“अरे, वीज होते की त्याची. तुमच्या मोटारी कशावर चालतात?”

“मोटार हाय की,” तो म्हणाला. “हिरीत पाणी कुठाय?”