एवढ्या वरून मी कुठे दिसतेय?

"एवढ्या वरून मी कुठे दिसतेय गं?" आईने चष्मा पुसत विचारलं आणि भाचीने लॅपटॉप थांबवला.

कॉलेजच्या फिल्मची सुरुवात दाखवत होती ती. घोडबंदर रोडवरच्या बाविसाव्या मजल्याच्या गच्चीवरून टिपलेली पहाट. येऊरच्या डोंगरावर धुकं, इमारती, खाली मुंगीएवढ्या गाड्या, वर व्हायोलिन. खरंच सुंदर. त्यासाठी पोरगी तीन दिवस चारला उठली होती. फिल्म मात्र आजीवर आहे, नौपाड्यातल्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षं पहाटे पोळ्या लाटून डबे देणाऱ्या आजीवर.

मी "छान आहे" म्हणून मोकळी झाले होते. आईने मात्र नेमकं बोट ठेवलं.

रात्री साडेअकराला भाचीने नवा कट पाठवला. पडदा काळा, बारा सेकंद. सेकंदाला चोवीस फ्रेमच्या हिशेबाने २८८ फ्रेम, आणि एकातही काही दिसत नाही. फक्त आवाज. लायटरची कटकट, परातीत बांगड्या, पोळपाटाची ती एक बाजू उचलून आपटणारी ठकठक. मग आईचा हात. व्हायोलिन काढून टाकलंय.

ती ठकठक ऐकली आणि मला शाळेची सकाळ आठवली. अंधारातच जाग यायची, या आवाजाने.

गच्चीवरचा शॉट तिने "जपून ठेवलाय" म्हणे. तीन दिवसांची मेहनत अशी बाजूला काढताना विसाव्या वर्षी किती जड गेलं असेल! मला नसतं जमलं.

तुमच्या घरची सकाळ कुठल्या आवाजाने सुरू व्हायची?