एका ‘म्हणून’ची दुरुस्ती

परदेशी माहितीपटांची निवेदने मराठीत आणणे आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी संहिता हातात घेऊन स्टुडिओत हजर राहणे, हे माझे गेल्या अनेक वर्षांचे काम आहे. मूळ चित्रावरचा वेळ ठरलेला असतो, त्यामुळे मराठी वाक्य त्याच सेकंदांत बसवावे लागते. बसत नसेल तर शब्द कापावा लागतो किंवा दोन वाक्यांचे एक करावे लागते. फॉर्म्युला वन मोटारशर्यतींच्या सुरुवातीच्या वर्षांवरच्या एका भागात मी असेच दोन वाक्यांचे एक केले आणि त्याने आमची सगळी दुपार खाल्ली.

प्रसंग होता 12 डिसेंबर 1959 चा, अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातील सेब्रिंगच्या ग्रां प्री शर्यतीचा. पडद्यावर आठ सेकंदांचे कृष्णधवल दृश्य होते : एक बुटकी, पंखबिंख नसलेली, इंजिन चालकाच्या पाठीमागे असलेली कूपर गाडी, आणि कमरेत वाकून तिला ढकलत नेणारा तिचा चालक जॅक ब्रॅबहॅम. आजूबाजूला माणसे आहेत, पण गाडीला कोणी हात लावत नाही, कारण कोणाची मदत घेतली असती तर तो शर्यतीतून बाद झाला असता. माझे वाक्य होते : “इंधन संपलेली गाडी त्याने अंतिम रेषेपर्यंत ढकलत नेली, म्हणून तो जगज्जेता ठरला.”

निवेदन करणारे गृहस्थ रंगभूमीवरचे जुने आणि जाणते. तालीम करताना ते या वाक्याशी थांबले, चष्मा कपाळावर चढवला आणि काचेपलीकडून विचारले, “अहो, हा आला कितवा?”

“चौथा.”

“चौथा आलेला माणूस जगज्जेता कसा?”

मला प्रश्न सोपा वाटला. जगज्जेतेपद एका शर्यतीवर ठरत नाही, वर्षभराच्या गुणांवर ठरते. पहिल्याला 8, मग 6, 4, 3 आणि 2, शिवाय सर्वांत वेगवान फेरी करणाऱ्याला 1 गुण, असे मी ऐटीत सांगितले. ब्रॅबहॅम सेब्रिंगला आला तेव्हा त्याचे 31 गुण होते, चौथ्या क्रमांकाचे 3 मिळाले, झाले 34. एवढे बोलून खात्रीसाठी मी संहितेला जोडलेला गुणतक्ता उघडला, तर त्यात ब्रॅबहॅमच्या नावापुढे 31 छापले होते आणि 34 हा आकडा कंसात होता.

हा तक्ता आदल्या दिवशी माझ्या डोळ्यांखालून गेला होता. कंस मला दिसला होता, पण त्याचा अर्थ विचारावासा वाटला नव्हता.

रेकॉर्डिस्टला दहा मिनिटांचा चहा जाहीर करायला सांगून मी संहितेच्या पाठकोऱ्या बाजूवर बेरीज मांडली. त्या वर्षी जगज्जेतेपदासाठी नऊ शर्यती धरल्या होत्या (त्यांत इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यतही होती, जिच्याकडे युरोपात शर्यती करणारे हे लोक सहसा फिरकत नसत) आणि प्रत्येक चालकाच्या फक्त सर्वोत्तम पाच निकालांचे गुण मोजायचे होते. ब्रॅबहॅमचे पाच निकाल आधीच भरले होते : मोनॅकोचे वेगवान फेरीसह 9, हॉलंडचे 6, फ्रान्सचे 4, ब्रिटनचे 8 आणि इटलीचे 4. बेरीज 31. सहावा निकाल मोजला जायचा असेल तर तो या पाचांतल्या सर्वांत लहान आकड्यापेक्षा मोठा हवा. सेब्रिंगचे 3 गुण त्या 4 पेक्षा लहान, म्हणजे ते जमा झाले आणि त्याच क्षणी वजाही झाले. ज्या तीन गुणांसाठी माणूस गाडी ढकलतो आहे असे मी लिहिले होते, ते तीन गुण हिशेबात नव्हतेच.

मग जगज्जेतेपद ठरले कुठे? येथे शर्यत नीट पाहावी लागली. सेब्रिंगचा मार्ग म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला लष्करी विमानतळ, एक फेरी 5.2 मैलांची आणि एकूण फेऱ्या 42. ब्रॅबहॅमला गाठू शकणारे दोघेच उरले होते. स्टर्लिंग मॉस 25.5 गुणांवर होता आणि सर्वांत पुढून निघाला, पण पाच फेऱ्या होतात न होतात तोच त्याच्या कूपरच्या गिअरबॉक्सने दगा दिला. फेरारीचा टोनी ब्रुक्स 23 गुणांवर होता; त्याला पहिला क्रमांक आणि वेगवान फेरीचा गुण, असे दोन्ही मिळाले तर त्याचे 32 झाले असते. त्याला मात्र पहिल्याच फेरीत त्याचाच सहकारी वोल्फगांग फॉन ट्रिप्स मागून येऊन धडकला. ब्रुक्स गाडी तपासून घेण्यासाठी पिटमध्ये, म्हणजे मार्गालगतच्या दुरुस्तीच्या जागेत, आला. पूर्वीच्या अपघातांनंतर त्याने मनाशी ठरवले होते की नादुरुस्त गाडीत बसून जीव पणाला लावायचा नाही, आणि जगज्जेतेपद समोर असतानाही त्याने तो नियम मोडला नाही. मला विचाराल तर त्या दिवसातली सर्वांत मोठी गोष्ट हीच होती. पण थांबलेल्या गाडीच्या दृश्यावर कोणी आठ सेकंद खर्च करत नाही, आमच्या माहितीपटानेही केले नव्हते.

शेवटच्या फेरीत ब्रॅबहॅम आघाडीवर होता आणि त्याच्या पाठोपाठ त्याचाच संघसहकारी, बावीस वर्षांचा न्यूझीलंडचा ब्रूस मॅकलारेन. ब्रॅबहॅमच्या गाडीतले इंधन संपले. तिचा वेग पडलेला पाहून मॅकलारेन बिचकला, तेव्हा ब्रॅबहॅमने हाताने त्याला पुढे जायची खूण केली. मॅकलारेनने फ्रान्सच्या मॉरिस त्रँतिन्याँला अवघ्या 0.6 सेकंदाने मागे ठेवून शर्यत जिंकली. ब्रुक्स तिसरा आला, सुमारे तीन मिनिटांनी. म्हणजे मॅकलारेनने अंतिम रेषा ओलांडली त्या क्षणी ब्रुक्सचा पहिला क्रमांक संपला आणि ब्रॅबहॅम जगज्जेता झाला. त्या वेळी तो स्वतः अजून रेषेच्या अलीकडेच होता. तो विजेत्यानंतर जवळजवळ पाच मिनिटांनी पोहोचला आणि पोहोचल्यावर कोसळला.

चहा संपवून सगळे परत आले. मूळ इंग्रजी निवेदन पुन्हा लावून ऐकले, तर तिथे दोन स्वतंत्र वाक्ये होती. त्याने गाडी ढकलत नेली, हे एक. तो जगज्जेता झाला, हे दुसरे. त्यांची गाठ ‘म्हणून’ने मारली होती ती मी, आणि तीही वाक्य गोळीबंद व्हावे एवढ्याच हौसेने.

निर्मात्यांच्या प्रतिनिधीला फोन लावला. त्यांचे म्हणणे असे की प्रेक्षक बेरीज करायला बसत नाही, आहे ते वाक्य जोरकस आहे, राहू द्या. मी हुज्जत घालणार तेवढ्यात निवेदकांनी माझ्या हातून फोन घेतला आणि म्हणाले, “साहेब, मला आता खरे कळले आहे. आता ते ‘म्हणून’ माझ्या तोंडून सरळ निघणार नाही.” पलीकडून थोड्या वेळाने “बरं, करा” असे आले.

वेळ मात्र आठ सेकंदच होता. ‘वास्तविक’, ‘खरे पाहता’, ‘एव्हाना’ असे शब्द घालून केलेली तीन वाक्ये लांबीमुळे बाद झाली. शेवटी उरले ते असे : “इंधन संपले, तरी गाडी त्याने अंतिम रेषेपर्यंत ढकलत नेली. जगज्जेता तो आधीच ठरला होता.” पहिल्या वाचनात ते आठ सेकंदांच्या बाहेर गेले. दुसऱ्या वेळी निवेदकांनी ‘ढकलत नेली’नंतरचा विराम अर्धा केला आणि वाक्य बसले.

“पण मग सर, ढकलली कशाला?” रेकॉर्डिस्टने कान मोकळे करत विचारले. तो पंचविशीतला मुलगा.

“गाडी त्याची होती आणि रेषा समोर दिसत होती,” निवेदकांनी काचेआडूनच सांगितले आणि संहितेचे पान उलटले.

आमच्याकडे पुन्हा ध्वनिमुद्रण केले की नोंदवहीत कारण आणि जबाबदार व्यक्ती असे दोन रकाने भरावे लागतात. पहिल्यात मी ‘शब्द : म्हणून’ असे लिहिले आणि दुसऱ्यात माझे नाव. पुढचा प्रसंग 1960 चा होता. त्याचा गुणतक्ता मी आधी कंसांसकट वाचून काढला आणि मगच ध्वनिमुद्रण सुरू करायला हात वर केला.